नवीन जोडलेल्या पीसीवर ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची कशी, पहिल्या बूटपासून शेवटच्या ड्रायव्हरपर्यंत

पार्ट जोडून झाले, केबल लावून झाल्या, आणि आता घाई एकच असते की पेनड्राईव्ह लावा आणि विंडोज टाकून मोकळे व्हा. जरा थांबा. खरं इन्स्टॉल आजकाल फार मोठं काम राहिलेलंच नाही, बऱ्या एनव्हीएमई एसएसडीवर, म्हणजे वेगवान प्रकारच्या एसएसडी डिस्कवर, ते साधारण अर्ध्या तासात उरकतं, पण लोकांचे अख्खे दिवस जातात ते आधी न केलेल्या तपासणीमुळे आणि नंतर उलटसुलट क्रमाने केलेल्या सेटिंगमुळे. म्हणून या लेखात माझा सगळा भर क्रमावर आहे. नव्या मशीनमधला एकही पार्ट अजून पारखलेला नसतो, रॅम नवी, मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड) नवा, डिस्क नवी, आणि अशात एकदम चार गोष्टी बदलल्या आणि मग मशीन अडलं तर दोष नेमका कुणाचा हे शोधायला धागाच सापडत नाही. एका वेळी एकच बदल करायचा, तो टिकतोय का बघायचं, मग पुढे जायचं.

आधी पेनड्राईव्ह तयार करा

यासाठी चालू स्थितीतला दुसरा कॉम्प्युटर लागणार, तेव्हा जुना पीसी विकायच्या किंवा फॉरमॅट करायच्या आधी हे काम उरकून घ्या. पेनड्राईव्ह किमान ८ जीबीचा हवा आणि त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे हे लक्षात ठेवा. दोन पेनड्राईव्ह असतील तर फार सोयीचं पडतं, एकावर ऑपरेटिंग सिस्टीम आणि दुसऱ्यावर ड्रायव्हर, म्हणजे एकेक पार्ट चालवायला लागणारं छोटं सॉफ्टवेअर.

विंडोज ११ टाकणार असाल तर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या साईटवरून मीडिया क्रिएशन टूल डाउनलोड करा, ते चालवलं की पेनड्राईव्ह आपोआप तयार होतो, तुम्हाला फक्त भाषा आणि ड्राईव्ह निवडायचा असतो. हे टूल विंडोजवरच चालतं. लिनक्सवरून बनवणार असाल तर आयएसओ, म्हणजे अख्ख्या इन्स्टॉलची एकच फाईल, डाउनलोड करून व्हेंटॉय नावाचं पेनड्राईव्ह बनवायचं टूल वापरा. आयएसओ उघडून आतल्या फायली नुसत्या कॉपी पेस्ट करायला गेलात तर बहुतेक वेळा अडणारच, कारण आतली एक मोठी फाईल ४ जीबीच्या वर असते आणि एफएटी३२ मध्ये, म्हणजे पेनड्राईव्हच्या एका फॉरमॅटमध्ये, एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. इतर साईटवरच्या "प्री ॲक्टिव्हेटेड", "लाईट" वगैरे नावाच्या आयएसओच्या वाटेला कृपया जाऊ नका, त्यात कुणी काय घालून ठेवलंय हे तपासायला तुमच्याकडे काहीही साधन नसतं आणि त्याच मशीनवर उद्या तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकणार असता.

लिनक्स हवं असेल तर उबंटू किंवा लिनक्स मिंट, पहिल्यांदा करणाऱ्याने या दोघांच्या पलीकडे बघायचं कारण नाही. उबंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्टची, आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला ५ वर्षं अपडेट मिळतात. फक्त एक गोष्ट, तुमचा प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्ड नुकतंच बाजारात आलेलं असेल तर दोन वर्षं जुन्या आयएसओमधल्या कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, ते कदाचित ओळखूच येणार नाही, अशा वेळी मिळेल ती सगळ्यात ताजी आवृत्ती घ्या. आयएसओ आली की तिचा शा-२५६ चेकसम, म्हणजे फाईलवरून काढलेला ओळखीचा आकडा, साईटवर दिलेल्याशी जुळतोय ना ते बघा, मिनिटभराचं काम आहे आणि अर्धवट डाउनलोड झालेली फाईल इथेच पकडली जाते.

आणि विंडोज १० टाकू का, असा प्रश्न असेल तर नव्या मशीनवर नको. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

दुसऱ्या पेनड्राईव्हवर बोर्ड कंपनीच्या साईटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचे लॅन आणि वायफायचे ड्रायव्हर घ्या, इंटेलचा बोर्ड असेल तर सोबत स्टोरेजचा व्हीएमडी किंवा आरएसटी ड्रायव्हर घ्या, आणि बायोसची, म्हणजे बोर्डमध्येच असलेल्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरची, नवी फाईल आली असेल तर तीही. ड्रायव्हरच्या झिप फायली आधीच उघडून ठेवा, कारण विंडोजचा सेटअप झिपच्या आत डोकावत नाही. मॉडेलच्या नावात शेवटी वायफाय, प्लस किंवा रिव्हिजनचा आकडा असतो तोही जुळला पाहिजे, बोर्डवर छापलेलं बघूनच डाउनलोड करा.

पहिल्यांदा बटन दाबताना

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला लावा, मदरबोर्डला नाही. ऐकायला साधं वाटतं पण "डिस्प्ले येत नाही" अशा तक्रारींमध्ये हे कारण वारंवार निघतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ आहे त्यांच्यात ग्राफिक्स नसतंच, एएमडीच्या रायझन ५००० मालिकेतल्या, नावात शेवटी जी नसलेल्या प्रोसेसरचंही तेच, त्यामुळे बोर्डच्या एचडीएमआयमधून चित्र येणं शक्यच नसतं.

दुसरं म्हणजे घाबरू नका. डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्या बूटला बोर्ड मेमरी ट्रेनिंग करतो, म्हणजे प्रोसेसर आणि रॅम यांच्यातलं टायमिंग जुळवून बघतो, आणि तेवढा वेळ स्क्रीन पूर्ण काळी असते, पंखे फिरत असतात, बोर्डवर डीरॅम नावाचा छोटा दिवा पेटलेला असतो आणि बाकी काहीही हलत नाही. हे कधी मिनिटभरात आटपतं, कधी पाच-दहा मिनिटं चालतं, रॅम जास्त असेल किंवा चार स्टिक असतील तर अजून जास्त. मधे एखाद वेळा मशीन स्वतःच बंद होऊन परत चालू होतं, तेही चालतं. बरेच जण इथेच बटन दाबून बंद करतात आणि मग ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. शांतपणे पंधरा मिनिटं द्या. त्यानंतरही तो दिवा तसाच असेल तर पॉवर पूर्ण बंद करा, एकच स्टिक ठेवा, ती प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये नीट दोन्ही बाजूंनी बसवा आणि परत बघा. दोन स्टिक असतील तर चार स्लॉटच्या बोर्डवर त्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, तरी मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या.

बहुतेक बोर्डवर असे चार दिवे असतात, सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट. शेवटचा बूटचा दिवा पेटून राहिला तर आनंदच माना, त्याचा अर्थ बाकी सगळं पास झालं आणि बोर्डला बूट करायला काही सापडत नाहीये, आणि ते सापडणार कसं, डिस्क तर कोरी आहे.

बायोसमध्ये काय बघायचं

चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोस उघडेल. आधी काहीही बदलू नका, नुसतं बघा. प्रोसेसरचं नाव बरोबर आहे का, रॅम पूर्ण दिसतेय का, म्हणजे ३२ जीबी लावली आणि १६ दिसतेय असं तर नाही ना, एसएसडी यादीत आहे का, तारीख-वेळ बरोबर आहे का. तारीख फार चुकीची असेल तर पुढे सुरक्षित साईट उघडत नाहीत, ॲक्टिव्हेशन अडतं आणि माणूस भलतीकडेच कारण शोधत बसतो.

आणि प्रोसेसरचं तापमान. बायोसमध्ये पाच मिनिटं नुसतं बसून त्या आकड्याकडे बघा. खोलीच्या हवेप्रमाणे तो ३५ ते ५५ अंशांच्या आसपास कुठेतरी स्थिरावला तर काळजी नाही. तो वर वर चढत ८० च्या पुढे जायला लागला तर तिथेच मशीन बंद करा, कूलर नीट टेकलेला नाही, पंप किंवा पंख्याची वायर लागलेली नाही, किंवा कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढायचं राहिलंय. ते न सोडवता पुढे जाण्यात अर्थ नाही.

एसएसडी दिसत नसेल तर मॅन्युअल काढा. बऱ्याच बोर्डवर एम.२ चा (एसएसडी थेट बसवायचा) एखादा स्लॉट आणि काही साटा पोर्ट (हार्डडिस्कची केबल लागते ते) एकाच वाटेवर असतात, त्या स्लॉटमध्ये एसएसडी लावली की ते पोर्ट बंद होतात, त्यामुळे हार्डडिस्क गायब झाली म्हणजे ती बिघडली असं लगेच समजू नका.

बायोस अपडेट करायचा असेल तर तो आत्ताच, ऑपरेटिंग सिस्टीम टाकायच्या आधी. नंतर केलात तर टीपीएममधली, म्हणजे सुरक्षेच्या कीज जपणाऱ्या भागातली, माहिती बदलू शकते आणि विंडोज उघडताना डिस्कच्या एन्क्रिप्शनची (कुलूपबंद डेटाची) रिकव्हरी की मागत बसतं. फाईल एफएटी३२ केलेल्या पेनड्राईव्हवर ठेवा आणि बायोसमधल्याच फ्लॅशच्या पर्यायाने अपडेट करा. मधे लाईट गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, म्हणून यूपीएस असेल तर त्यावर करा, आणि काम चालू असताना बटनाला हात लावू नका. सगळं चालतंय आणि प्रोसेसर ओळखला जातोय तरी अपडेट करावा का? नवा बोर्ड असेल तर मी म्हणेन करावा, कारण सुरुवातीच्या बायोसमध्ये रॅमच्या कुरबुरी जास्त असतात आणि त्यातल्या पुष्कळशा नंतरच्या अपडेटमध्ये सुटतात.

आता ज्या सेटिंग लागतातच त्या. सीएसएम (जुन्या पद्धतीचं बूट) बंद, म्हणजे बूट फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने होईल. टीपीएम चालू, हे एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम नावाने असतं आणि इंटेलच्या बोर्डवर पीटीटी नावाने, विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. सिक्युअर बूट, म्हणजे फक्त खात्रीशीर सही असलेलं सॉफ्टवेअरच बूट होऊ देणारी सोय, चालू करा, आणि तो चालू करूनही "नॉट ॲक्टिव्ह" दाखवत असेल तर त्याच पानावर फॅक्टरी कीज परत आणायचा पर्याय असतो तो दाबा. एफ१० दाबून सेव्ह करा.

एक्सएमपी किंवा एक्स्पो, म्हणजे रॅम तिच्यावर लिहिलेल्या जास्त वेगावर चालवायचं सेटिंग, मात्र आत्ता बंदच ठेवा. हो, तुमची ६००० ची रॅम सध्या ४८०० वर चालेल, चालू द्या. एक्सएमपी हे एक प्रकारचं ओव्हरक्लॉकिंगच आहे, बहुतेक वेळा ते मुकाट्याने चालतं, पण जिथे चालत नाही तिथे ते इन्स्टॉलच्या मधे फायली खराब करतं आणि तुम्हाला एरर दिसते ती पेनड्राईव्हची किंवा डिस्कची. इन्स्टॉल आपण मूळ वेगावर करू, वेग नंतर वाढवू.

रात्रभर रॅम टेस्ट

ही पायरी सगळे गाळतात आणि माझ्या मते हीच सगळ्यात जास्त त्रास वाचवते. मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं टूल फुकट मिळतं, पेनड्राईव्हवरून बूट होतं, ऑपरेटिंग सिस्टीमची गरज नाही. टेस्ट सुरू होत नसेल तर सिक्युअर बूट तेवढ्यापुरता बंद करा आणि नंतर आठवणीने चालू करा. झोपताना लावा, ३२ जीबीला चार फेऱ्या व्हायला काही तास लागतातच. सकाळी एररच्या जागी शून्य हवा. एक एररसुद्धा "चालतंय की" म्हणून सोडू नका, रॅममधली एक चुकीची बिट आज इन्स्टॉल बिघडवेल नाहीतर सहा महिन्यांनी तुमचे फोटो. एरर आली तर एकेक स्टिक वेगळी टेस्ट करा, जी सापडेल ती वॉरंटीत बदलून घ्या. आत्ता दुकानदाराला सांगायला सोपं असतं, वर्षभराने "कधीकधी निळी स्क्रीन येते" हे कुणाला पटवून देणं फार अवघड.

विंडोज टाकताना

पीसी बंद करा, आणि ज्या डिस्कवर विंडोज टाकायचं आहे ती सोडून बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढा. जुन्या पीसीतली फोटोवाली हार्डडिस्क असेल तर हे कराच. दोन कारणं आहेत. चुकून भलतीच डिस्क पुसली जात नाही हे एक, आणि दुसरं म्हणजे विंडोजचा सेटअप कधीकधी बूटचं पार्टिशन दुसऱ्याच डिस्कवर नेऊन ठेवतो, मग दोन वर्षांनी ती जुनी डिस्क काढली की नवी एसएसडी बूटच होत नाही आणि कारण काही केल्या लक्षात येत नाही.

पेनड्राईव्ह मागच्या बाजूच्या पोर्टला लावा, मशीन चालू करा आणि बूट मेन्यूचं बटन दाबत राहा. असूसच्या बोर्डवर ते एफ८, एमएसआय आणि ॲसरॉकवर एफ११, गिगाबाईटवर एफ१२. यादीत पेनड्राईव्ह दोनदा दिसत असेल तर ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो निवडा.

भाषा, कीबोर्ड वगैरे पुढे पुढे. कीबोर्डचा लेआउट यूएस आहे ना ते बघा, यूकेचा झाला तर दुहेरी अवतरणचिन्ह आणि ॲट यांची अदलाबदल होते आणि पासवर्ड जुळत नाही. प्रॉडक्ट की असेल तर टाका, नसेल तर "माझ्याकडे की नाही" असा पर्याय असतो, ॲक्टिव्हेशन नंतरही करता येतं. फक्त होम की प्रो हे तुमच्या लायसन्सप्रमाणेच निवडा, होमची की प्रोवर चालत नाही. "हा पीसी विंडोज ११ चालवू शकत नाही" असं आलं तर परत बायोसमध्ये जाऊन टीपीएम आणि सिक्युअर बूट बघा, नव्या मशीनमध्ये कारण बहुतेक तिथेच असतं.

मग येते डिस्कची स्क्रीन, आणि इथे हात आवरून काम करायचं. कोरी एसएसडी असेल तर एकच ओळ दिसेल, डिस्क ०, अनअलोकेटेड स्पेस (अजून वाटणी न झालेली जागा), आणि १ टीबीच्या डिस्कला साधारण ९३१ जीबी लिहिलेलं असेल. जागा कुठे चोरीला गेलेली नाही, कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. ती ओळ निवडा आणि थेट नेक्स्ट. आधी पार्टिशन बनवायची अजिबात गरज नाही, सेटअप स्वतःच १०० एमबीचं ईएफआय (बूटचं), १६ एमबीचं एक राखीव, मग मुख्य, आणि शेवटी रिकव्हरीचं अशी सगळी बनवतो. सी आणि डी असे दोन भाग करायची जुनी सवय असेल तर एसएसडीवर ती सोडा असं मी सुचवेन, सी भरून जातो आणि डी रिकामा पडून राहतो हेच पुढे घडतं, आणि वेगळं पार्टिशन म्हणजे बॅकअप नव्हे, डिस्क गेली की दोन्ही एकदमच जातात. त्याच डिस्कवर लिनक्सही टाकायचं असेल तेवढाच अपवाद, तेव्हा विंडोजपुरती जागा देऊन बाकी मोकळी सोडा.

डिस्क वापरलेली असेल आणि त्यावर जपण्यासारखं काही नसेल, हे दोनदा तपासून, तिच्यावरची सगळी पार्टिशन एकेक करून डिलीट करा म्हणजे एकच अनअलोकेटेड ओळ उरेल. "या डिस्कवर एमबीआर टेबल आहे" म्हणून, म्हणजे पार्टिशनची नोंद जुन्या पद्धतीची आहे म्हणून, सेटअप नकार देत असेल तर शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा, काळी कमांडची खिडकी उघडते, तिथे डिस्कपार्ट चालवून, डिस्कची यादी काढून, बरोबर डिस्क निवडून क्लीनची कमांड द्या. त्या कमांडनंतर खात्री विचारली जात नाही, सरळ पुसलं जातं, म्हणून आकार बघूनच डिस्क निवडा. बाकीच्या केबल काढल्या असतील तर इथे भीतीच उरत नाही.

यादी पूर्ण रिकामी आली तर? इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या मशीनवर हे हमखास व्हीएमडीमुळे, म्हणजे डिस्क सांभाळायच्या इंटेलच्या एका सोयीमुळे, होतं. बायोसमध्ये एसएसडी दिसते पण सेटअपला दिसत नाही. एकतर बायोसमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा, किंवा त्याच स्क्रीनवर लोड ड्रायव्हर दाबून दुसऱ्या पेनड्राईव्हमधला उघडून ठेवलेला ड्रायव्हर द्या. घरच्या एका-दोन एसएसडीच्या पीसीला रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरणं) लागत नाही, म्हणून मी व्हीएमडी बंद करायचाच सल्ला देईन, फक्त हे इन्स्टॉलच्या आधी करा, नंतर केलं तर विंडोज बूट व्हायचं थांबेल. आणि "मीडिया ड्रायव्हर मिसिंग" अशी एरर आली तर ड्रायव्हर शोधत फिरण्याआधी पेनड्राईव्ह दुसऱ्या पोर्टला लावून बघा, तरी नाही झालं तर पेनड्राईव्ह नव्याने बनवा, बऱ्याचदा दोष तिथेच असतो.

फायली कॉपी झाल्या की मशीन रिस्टार्ट होईल. पहिल्या रिस्टार्टनंतर परत तीच भाषेची स्क्रीन आली तर मशीन पुन्हा पेनड्राईव्हवरून बूट झालंय, बंद करा, पेनड्राईव्ह काढा आणि चालू करा.

नेट मागणारी स्क्रीन

विंडोज ११ सुरुवातीलाच इंटरनेट मागतं आणि तिथे वायफायची यादी बऱ्याचदा रिकामी असते, कारण नव्या वायफाय चिपचा ड्रायव्हर अनेकदा विंडोजमध्ये नसतो. लॅनची केबल लावून बघा. तीही ओळखली गेली नाही तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून यूएसबी टेदरिंग (फोनचं नेट पीसीला देणं) चालू करा, त्याला बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. तेही नसेल तर दुसरा पेनड्राईव्ह आहेच, नव्या सेटअपमध्ये त्याच स्क्रीनवर ड्रायव्हर इन्स्टॉल करायचं बटन असतं. नेट टाळायच्या ज्या जुन्या युक्त्या सांगितल्या जातात त्या मायक्रोसॉफ्ट एकेक करून बंद करतंय, त्यांच्यावर विसंबू नका.

मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलंत तर एक गोष्ट आवर्जून करा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये, होम आवृत्तीतसुद्धा, डिस्कचं एन्क्रिप्शन न विचारता चालू होतं. ते चांगलंच आहे, पण उद्या बोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट केला आणि मशीनने ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर ती तुमच्या अकाउंटमध्येच असते, आणि अकाउंटचा पासवर्ड विसरलात तर डेटा गेला. ती की आत्ताच कागदावर लिहून ठेवा, त्याच पीसीमध्ये फाईल करून ठेवून उपयोग नाही. एन्क्रिप्शन नकोच असेल तर सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन बंद करता येतं.

ड्रायव्हर कुठले आणि कुठून

आधी विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या, दोन-तीनदा रिस्टार्ट मागेल, तेवढं करा आणि काहीच उरलं नाही असं म्हणेपर्यंत चालवा. मग चिपसेटचा ड्रायव्हर बोर्डच्या किंवा एएमडी, इंटेलच्या साईटवरून, मग ग्राफिक्सचा एनव्हिडिया, एएमडी किंवा इंटेलच्या साईटवरून. डिव्हाईस मॅनेजर उघडून कुठे पिवळं चिन्ह राहिलंय का बघा. काही नसेल तर थांबा, चालत असलेला ड्रायव्हर उगाच बदलायचा नसतो. सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर टाकू नका, आणि विंडोज उघडल्यावर बोर्ड कंपनीच्या सॉफ्टवेअरची खिडकी आपणहून वर येते तिला नको म्हटलं तरी काही अडत नाही.

एक छोटी गोष्ट राहून जाते, १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर घेतला असेल तर विंडोज तो बऱ्याचदा ६० वरच चालवत असतं. डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन आकडा बदला.

लिनक्सवाल्यांसाठी

इथे मोठा फायदा म्हणजे डिस्कला हात न लावता लाईव्ह, म्हणजे थेट पेनड्राईव्हवरून, चालवून बघता येतं. लाईव्हमध्येच वायफाय, आवाज, ब्लूटूथ आणि स्लीपमधून परत उठतंय का हे सगळं तपासा, मग इन्स्टॉलवर जा. थर्ड पार्टी ड्रायव्हरवर टिक करा, एनव्हिडियाचं कार्ड असेल तर नक्कीच. सिक्युअर बूट चालू असेल तर तिथे एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या बूटला निळी स्क्रीन येते, तिच्यात एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ती स्क्रीन थोडाच वेळ थांबते आणि निसटली तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर लोड होत नाही, म्हणून त्या रिस्टार्टला समोर बसून राहा.

दोन्ही हवं असेल तर आधी विंडोज, मग लिनक्स, आणि जमलं तर दोन वेगळ्या एसएसडी. वेगळी डिस्क असली की एकाच्या अपडेटने दुसऱ्याचं बूट बिघडायची शक्यता खूपच कमी होते. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोज डिस्क अर्धवट झोपवून ठेवतं आणि लिनक्सला तिच्यावर लिहिता येत नाही. आणि एकातून दुसऱ्यात गेल्यावर घड्याळ काही तासांनी चुकत असेल तर कारण इतकंच की विंडोज बोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितली की मिटतं.

आता रॅमचा वेग आणि बाकीच्या डिस्क

एक-दोन दिवस मशीन मूळ वेगावर वापरा. काही कुरबूर नाही ना? मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, परत काळी स्क्रीन, परत ट्रेनिंग, थांबा. उघडलं की मेमटेस्ट पुन्हा एकदा रात्रभर. एरर आली तर रॅम खराब नाही हे तुम्हाला आधीच्या टेस्टमुळे माहीत आहे, त्यामुळे सरळ वेग एक पायरी खाली आणायचा, ६००० चं ५६०० करायचं आणि परत टेस्ट, डोळ्यांना फरक जाणवणारही नाही. मशीन चालूच होईना तर पॉवर काढून बोर्डवरचा क्लिअर सीमॉसचा जंपर (बायोसच्या सेटिंग पुसायच्या पिना) वापरा किंवा गोल बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा, सेटिंग मूळ होतात, पण मग सीएसएम, टीपीएम, व्हीएमडी हे सगळं परत एकदा तपासायला विसरू नका.

सगळं स्थिर झालं की पीसी बंद करून काढलेल्या डिस्कच्या केबल लावा, आणि बायोसमध्ये बूटचा पहिला नंबर नव्या एसएसडीचाच आहे ना बघा. कोरी नवी डिस्क विंडोजच्या धिस पीसीमध्ये आपोआप दिसत नाही, डिस्क मॅनेजमेंट उघडलं की ते इनिशियलाईज करू का विचारतं, जीपीटी निवडा, नवीन व्हॉल्यूम बनवा, झालं. पण जुन्या, डेटा असलेल्या डिस्कसाठी तोच प्रश्न आला तर अजिबात हो म्हणू नका. विंडोजला ती डिस्क वाचता येत नाहीये एवढाच त्याचा अर्थ, केबल बदला, दुसऱ्या पोर्टला लावा, जुन्या मशीनवर लावून बघा, आणि ती कुठेतरी उघडली की सगळ्यात आधी आतलं सगळं नव्या डिस्कवर कॉपी करून घ्या.